दोन बटणांची कासिल्दा

रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी कासिल्दा ओल्गीन ओलं फडकं घेऊन कोपऱ्यातल्या व्हिडिओ गेमच्या मशीनपाशी जायची. काच पुसायची, दोन खेळाडूंच्या दोन दांड्या पुसायची आणि मग दोन्ही बाजूंची सहा-सहा बटणं ओळीने दाबून बघायची. दोन्हीकडे दोनच बटणं टिकटिक करत वर यायची. उरलेली चार दाबली की खालीच बसून राहायची, अंथरुणातून उठायला नको म्हणणाऱ्या पोरांसारखी. ती त्यांना नखाने उचलून वर आणायची आणि म्हणायची, "असू दे, असू दे. निजा." मग भट्टी पेटायची.

ती चार बटणं मेली होती मक्याच्या पिठाने आणि मिठाने. कासिल्दाचं तोर्तियांचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचं, दुकान पाचुका शहराच्या चढावर, आमच्या वस्तीच्या वळणावर होतं. आत पीठ मळलं जायचं, भट्टीतून लोखंडी पट्टा कुरकुरत पुढे सरकायचा, त्याच्या टोकाला तोर्तिया टपाटप पडायच्या. तिथे तराजू, आणि तराजूमागे पांढरा ॲप्रन बांधून कासिल्दा. रांगेतली माणसं घरून आणलेली फडकी घेऊन उभी असायची. दाराबाहेरचा वारा टोपी उडवून नेणारा, म्हणून रांग सगळी आत शिरून भिंतीला लागून वळायची, आणि जिथे वळायची तिथेच नेमकी ती मशीन. रांगेतल्या पोरांना कासिल्दा मीठ लावलेली एक तोर्तिया गुंडाळून द्यायची. एका हातात ती गुंडाळी आणि दुसरा हात बटणांवर. बटणं किती दिवस तग धरणार?

मशीन भाड्याने लावणारा माणूस दर खेपेला नवी बटणं आणायचं कबूल करायचा. एकदा खरंच घेऊन आला. पिशवी उघडून पेचकस काढतोय तोवर रांग त्याच्या आणि मशीनच्या मधे येऊन उभी राहिली.

"हात लावू नका," उबाल्दो म्हणाला. उबाल्दो म्हणजे आमचा चांभार. त्याच्या दुकानात चपला कमी आणि मतं जास्त.

"अहो, सहापैकी चार बंद आहेत."

"आम्हाला ठाऊक आहे. आता कुठे आम्हाला खेळता यायला लागलंय."

तो माणूस डोकं हलवत परत गेला. पण उबाल्दो खोटं बोलत नव्हता.

ती मारामारीची गेम होती. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर, वर दोघांच्या जिवाच्या दोन पिवळ्या पट्ट्या, मधे उलटं धावणारं घड्याळ. तीन डाव, त्यातले दोन जिंकेल तो राहील, हरेल त्याने दुसरं नाणं टाकायचं. सहा बटणं चालू असताना त्या माणसांच्या हातातून आग निघायची, वीज पडायची, एक जण तर स्वतःचीच दोन माणसं करायचा. चार बटणं गेली तशी आगही गेली आणि वीजही. उरलं ते इतकंच: एक बटण मारायचं, एक लाथेचं. दांडी मागे ओढून धरली की बचाव. अगदी जवळ जाऊन दांडी पुढे रेटत मारलं की समोरच्याला उचलून आपटायचं. बस. आमच्या आजीलाही हे एका दमात सांगता आलं असतं.

मात्र त्यात एक गंमत होती. बचाव धरून बसलेल्याला मार लागत नाही, पण त्याला उचलून आपटता येतं. आपटायला जवळ येणाऱ्याला मारता येतं. आणि मारायला धावणाऱ्यापुढे पुन्हा बचाव आहेच. म्हणजे प्रत्येक गोष्टीला तोड आहे, आणि कोणती तोड काढायची हे समोरचा काय करणार यावर आहे. आणि समोरचाही तुमच्याबद्दल तोच विचार करतोय. आपण काय करणार असं त्याला वाटतंय असं आपल्याला वाटतंय, हे एकदा सुरू झालं की त्याला तळ नसतो. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, मशीन मेली. दुसऱ्या आठवड्यात रांगेतली माणसं तोर्तिया घेतल्यावरही घरी जाईनाशी झाली.

समोरच्या औषधाच्या दुकानात पुढे नवी मोठी मशीन आली. सगळी बटणं जिवंत, काच कपाटाएवढी, आवाज चर्चच्या घंटेसारखा. वस्ती तिकडे धावली आणि थोड्याच दिवसांत एकेक करून परत आली. सगळ्यात आधी उबाल्दो.

"का रे, आग ओकणारा माणूस आवडला नाही?" कासिल्दाने तराजूवरून विचारलं.

"आग चांगली आहे हो. पण ती काढायला बोटांचा गुंता होतो. सगळा वेळ मशीनशीच भांडत बसावं लागतं." त्याने नाणं काचेखालच्या पट्टीवर ठेवलं. आमच्याकडे तसंच नंबर लावतात. "इथे निदान शेजाऱ्याशी भांडता येतं."

त्या मशीनवर कासिल्दाला हरवणारं वस्तीत कुणी नव्हतं. पडद्यावरची अक्षरं कुठल्याशा परक्या भाषेत, म्हणून लढणाऱ्यांची नावं आम्हीच ठेवली होती. चपळ, सडपातळ, काळ्या झग्यातली ती विधवा. झोके घेणारा तो सर्कसवाला. आणि बोजड, बुटका, उडी मारली तर पायरीएवढीच उंच जाणारा तो खाटीक. खाटकाला कुणी हात लावत नसे. कासिल्दा नेहमी खाटीकच घ्यायची.

"तो हलतच नाही, दोन्या कासिल्दा," पोरं म्हणायची. दोन्या म्हणजे बाई.

"कशाला हलायचं? तुम्ही येताच की."

आणि पोरं यायची. ती तराजूवर एक किलो मोजून देऊन, हात ॲप्रनला पुसून मशीनपाशी उभी राहायची. चेहऱ्यावर गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत करतानाचा भाव. पट्टा कुरकुरत असायचा, तोर्तिया पडत असायच्या, आणि खाटीक एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. समोरच्याने उडी घेतली रे घेतली की तो जिथे उतरतो तिथे खाटकाचा पाय आधीच हजर. ती हाताने जलद नव्हती. ती आधी पोचलेली असायची.

"दोनदा मार बसला की उबाल्दो तिसऱ्यांदा उडी मारतो," ती सांगायची. उबाल्दोच्या देखतच सांगायची.

"आज नाही मारणार."

"मग चौथ्यांदा मारशील."

उबाल्दो मनाशी ठरवून तिसऱ्यांदा जमिनीवर राहायचा, तेवढ्यात खाटीक शांतपणे चालत येऊन त्याला उचलून आपटायचा, आणि चिडलेला उबाल्दो चौथ्यांदा उडी मारायचा.

तिने लग्न केलं नव्हतं. वयाची चाळिशी मागे पडली होती. मागण्या आल्या नव्हत्या असं नाही. तांबूस मिशांचा एक कंत्राटदार चांगला वर्षभर लांबच्या वस्तीतून तोर्तिया न्यायला यायचा. सगळ्यांना वाटलं, आता जमलं. एका दुपारी तो कासिल्दाशी खेळला, हरला, हसला आणि जाता जाता मशीनला हळूच एक लाथ मारली. अगदी हळू. कासिल्दाने ती पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला तोर्तिया रांगेतल्या इतरांसारख्याच, न हसता, मोजून दिल्या. "उद्या घरात मी बरोबर निघाले तर?" एवढंच ती म्हणाली. शाळेतला एक गणिताचा मास्तर होता, तो जिंकत आला की घड्याळाकडे बघत पळत राहायचा. त्यालाही नाही. दुकानातल्या बायका म्हणायच्या, ही मशीनवर माणसं पारखते, कुणी मिळायचा नाही हिला. कासिल्दा म्हणायची, "अगं, तोंडाने सगळेच चांगलं बोलतात. इथे बोलायला वेळ मिळत नाही."

मग फिदेन्सिओ मोंतिएल आला. तो पाण्याचे जार पोचवायचा. आधीच्या माणसाची पाठ धरली म्हणून आमचा चढ त्याच्या वाट्याला आला. उंच, किंचित वाकलेला, खांद्यावर जार घेऊन चालताना जणू बाळ निजलंय अशा बेताने चालणारा विधुर. पहिल्या दिवशी जार ठेवून तो तोर्तिया घ्यायच्या नसतानाही रांगेत उभा राहिला आणि पट्टीवर नाणं ठेवलं. त्याने विधवा निवडली. उबाल्दो खदखदून हसला.

"वा, दोस्ता, वा कोंपाद्रे. तू विधवा, त्या खाटीक. बघू आता काय होतं."

इथे आमच्या वस्तीची एक रीत सांगितली पाहिजे. पहिला डाव सहज जिंकला तर दुसरा सोडायचा. समोरच्याचं नाणं असं क्षणात गिळायचं नाही, त्याला तीन डाव खेळू द्यायचे, तिसऱ्यात काय ते खरं. कुणी नवखा दोन्ही डाव पटापट जिंकून मोकळा झाला तर रांग त्याच्याकडे अशी बघायची की पुढच्या वेळी तो दुसऱ्या दुकानात जायचा. डाव सोडणं ओळखूही यायचं. सोडणारा उगाच उड्या मारतो, पाठ करतो, मार खात उभा राहतो. सगळे हसतात, समोरचाही हसतो. त्यात फसवणूक नसते.

फिदेन्सिओचे डाव मात्र कुणालाच कळत नव्हते. तो हरायचा, पण थोडक्यात. विधवा छान सरकायची, खाटकाचे दोन-तीन घाव चुकवायची आणि मग कुठेतरी जराशी उशिरा वळायची. रोज तिसऱ्या डावात दोघांच्या पट्ट्या बोटभर उरायच्या आणि रोज खाटीकच उभा राहायचा. कासिल्दाला भलता आनंद व्हायचा. इतकी वर्षं कुणी तिला तिसऱ्या डावात घाम फोडला नव्हता. तो जार घेऊन यायच्या वेळेला ती आता केसांना पाणी लावायची. दुपारी वजन करताना गुणगुणायची आणि एखाद-दुसरी तोर्तिया जास्त पडायची. आमच्या घरी आई म्हणायची, पाण्यावाला आल्यापासून किलो मोठा झालाय.

"त्याला घाई नाही," कासिल्दा बायकांना सांगायची. "धीर सुटला की मात्र डावीकडे सरकतो. भित्रा नाही, जरा हळवा आहे. मला तो पूर्ण कळलाय."

पावसाळा संपता संपता एका मंगळवारी फिदेन्सिओने दोन जार आत आणून ठेवले आणि खेळायला गेला नाही. टोपी काढून तराजूसमोर उभा राहिला. रांगेत सगळ्यात पुढे इमेल्दाबाई होत्या. नवऱ्याच्या जेवणाची वेळ कधी चुकू न देणाऱ्या.

"दोन्या कासिल्दा, माझी फेरी बदलतेय. येत्या सोमवारपासून तुलान्सिंगो गावात, राहायलाही तिकडेच."

"अरेरे," कासिल्दा म्हणाली. तिच्या हातातला गठ्ठा तराजूवर जरा जोरात पडला.

"तर मला वाटत होतं की तुम्हीही आलात तर बरं होईल."

"फेरीवर?"

"नाही. तिथे. माझ्याकडे. म्हणजे लग्न करून."

रांगेतलं फडकंसुद्धा हललं नाही. इमेल्दाबाई एकदम बाजूला सरकल्या, मला काही घाई नाही म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून त्याआधी किंवा नंतर कुणी ऐकलेलं नाही.

कासिल्दा लाल झाली. हसू आवरत होती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. होकार तिच्या ओठांवर येऊन उभा होता, नुसतं दार उघडायचं बाकी होतं. पण त्याआधी तिने गमतीने विचारलं, "आणि तिथे मला तिसरा डाव जिंकून दाखवाल का कधी?"

फिदेन्सिओ सरळ माणूस. तो म्हणाला, "तसा इथेही जिंकलो असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे, बाईंना सोडावा असं मला वाटतं."

"काय सोडावा?"

"डाव."

"दुसरा."

"दुसरा तर रीतच आहे." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिसराही. जवळपास सगळेच तसे."

कासिल्दाने हात लांब करून पट्ट्याचं बटण बंद केलं. भर दुपारी पट्टा थांबलेला वस्तीने कधी पाहिला नव्हता. कुरकुर थांबली तशी बाहेरच्या वाऱ्याचा आवाज आत आला.

"उशिरा वळायचात ते मुद्दाम?"

"हो."

"डावीकडे सरकायचात ते?"

"तिथे तुमचा पाय येतो हे माहीत झालं होतं, म्हणून."

"मग ज्याला मी ओळखत होते तो कोण?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तो हळवा माणूस? धीर सुटणारा? ते सगळं तुम्ही बनवलंत? फिदेन्सिओ, मी तुम्हाला ओळखतच नाही. काल तुमच्याशी लग्न केलं असतं. आज तुम्ही मला रस्त्यातल्या माणसासारखे."

"मी वाईट हेतूने नाही..."

"ते माहीत आहे. तेवढंच माहीत आहे." तिने पट्टा पुन्हा सुरू केला. "शनिवारी या. एकही डाव सोडायचा नाही. रीत नाही, बाई नाही, काही नाही. मग सांगते."

तेवढ्या चार दिवसांत वस्तीचे दोन तट पडले. शनिवारी तिच्या तोंडून हो निघणार की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण फिदेन्सिओने काय करायला हवं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक तट म्हणाला, त्याने जिंकलंच पाहिजे. हरला तर ती म्हणणार, पुन्हा सोडलास. दुसरा म्हणाला, वेड लागलंय का, इतक्या लोकांपुढे त्या मशीनवर तिला हरवून तिच्याकडूनच हो म्हणवून घ्यायचं? उबाल्दो दोन्ही तटांत होता. तो पाण्याच्या गाडीपाशी उभा राहून फिदेन्सिओला समजवायचा.

"हे बघ, कोंपाद्रे. जिंकलास तर ती चिडेल. हरलास तर तिला संशय येईल."

"मग मी काय करू?"

"तेच तर मी तुला सांगतोय."

"काय सांगतोयस?"

"की कठीण आहे."

इमेल्दाबाईंचं मत होतं की त्याने पहिला जिंकावा, दुसरा हरावा आणि तिसऱ्याला वीज जावी म्हणून अडल्यानडल्यांच्या संत यूदाला मेणबत्ती लावावी. मेणबत्ती त्यांनी स्वतःच लावली असं ऐकलं. वीज गेली नाही.

शनिवारी रांग दाराबाहेर, चढाच्या खालच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. तोर्तिया कुणाला हव्या होत्या देव जाणे. मला आईने अर्धा किलोसाठी पाठवलं होतं आणि पाठोपाठ स्वतःच आली. फिदेन्सिओ इस्त्रीचा शर्ट घालून आला. कासिल्दाने रोजचाच ॲप्रन बांधला होता, फक्त कानात डूल होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, नाणी टाकली. तिने खाटीक घेतला. त्याने विधवा.

पहिला डाव सुरू झाला आणि पहिल्या काही क्षणांतच सगळ्यांना कळलं की हा वेगळाच माणूस आहे. ही विधवा सरकत नव्हती, मुरडत नव्हती. ती उभी होती. खाटकाने मारलं, तिने बचाव धरला. खाटकाने लाथ घातली, बचाव. कासिल्दा थांबली, ती नेहमी थांबते तशी, समोरच्याने यावं म्हणून. समोरचा आला नाही. तीही गेली नाही. आणि मग ती अजून थांबायचं ठरवत होती त्या नेमक्या क्षणी विधवा दोन पावलं पुढे आली, खाटकाला उचललं आणि आपटलं. पुन्हा तेच. पुन्हा. पहिला डाव संपला तेव्हा विधवेची पिवळी पट्टी जवळपास भरलेली होती.

कुणी टाळी वाजवली नाही. कासिल्दाने दांडीवरचा हात काढून ॲप्रनला पुसला. आम्हाला वाटलं, झालं, संपलं सगळं. पण तिच्या गालाला खळी पडली होती.

"असे आहात होय तुम्ही," ती म्हणाली.

"असाच आहे."

दुसरा डाव. आणि इथे रीत आडवी आली. पहिला इतका सहज जिंकलेल्या माणसाचा हात दुसऱ्या डावात आपोआप ढिला पडतो. लहानपणापासूनची सवय ती, जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तशी. फिदेन्सिओचा अंगठा दांडीवरून किंचित सरकलेला उबाल्दोनेही पाहिला.

कासिल्दा काचेवरची नजर न हलवता म्हणाली, "सोडू नका."

"नाही, नाही." त्याने दांडी घट्ट धरली. कपाळावर घाम आला होता.

ती आता थांबत नव्हती. खाटीक चालत पुढे येत होता, त्याच्या त्या बदकासारख्या चालीने, आणि मारत होता, आणि मधेच न मारता नुसता पुढे येत होता. विधवेने बचाव धरला की उचलायचा, उचलू देईना की मारायचा. दोनदा मार बसल्यावर फिदेन्सिओ पडद्यावर अर्धं पाऊल मागे जाऊन खाली बसला. कासिल्दाने ते पाहिलं. पुढच्या वेळी तो अर्धं पाऊल मागे गेला तेव्हा खाटीक तिथे आधीच पोचला होता. डाव तिचा.

"सोडला," मागून कुणीतरी म्हणालं.

"सोडला नाही," कासिल्दा म्हणाली. "त्याला लागलं." आणि फिदेन्सिओकडे वळून, हळू आवाजात, "लागलं ना?"

"चांगलंच."

"मार बसला की तुम्ही मागे जाऊन खाली बसता."

"असं होय. मला माहीत नव्हतं."

"मला आत्ता कळलं."

तिसरा डाव सुरू झाला तेव्हा तराजूपाशी कुणी नव्हतं. पट्टा चालूच होता. तोर्तिया पडत होत्या, टोपली भरली, मग जमिनीवर पडायला लागल्या. इमेल्दाबाई वाकून त्या उचलत होत्या आणि मान वळवून पडद्याकडे बघत होत्या, दोन्ही कामं अर्धी.

खाटकाने मारलं, बचाव. विधवेने लाथ घातली, बचाव. विधवा उचलायला आली, खाटकाने पाऊल मागे घेतलं. खाटीक उचलायला गेला, विधवा तिथे नव्हती. दोन बटणं आणि एक दांडी, आणि पडद्यावर जे चाललं होतं त्याला काय म्हणावं ते रांगेत कुणाला सुचेना. कुणालाच काही लागत नव्हतं. दोन्ही पट्ट्या काठोकाठ पिवळ्या. मग दोघांच्याही हालचाली बारीक होत गेल्या. अर्धं पाऊल. पाव पाऊल. आणि मग दोघंही दांडी मागे ओढून, बचाव धरून, समोरासमोर स्तब्ध.

घड्याळ उलटं पळत होतं.

"आता उडी मारणार नाही तुम्ही," कासिल्दा म्हणाली.

"नाही."

"उचलायला याल?"

"तुम्ही त्याचीच वाट बघताय."

"हो."

"मग नाही येत."

"मी आले तर?"

"तुम्ही नाही येणार. तुम्हाला वाटतंय की मी मारायला टपलोय."

"टपलाच आहात."

"टपलोय," फिदेन्सिओने कबूल केलं.

कासिल्दा हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. फिदेन्सिओही हसायला लागला, पण दोघांच्याही मुठी दांड्यांवर तशाच आवळलेल्या. हसता हसता एकाचा हात सुटेल म्हणून आम्ही टक लावून बघत होतो. सुटला नाही. उबाल्दो मागून ओरडत होता, "अहो कुणीतरी मारा हो, लोकांची जेवणं खोळंबलीत." घड्याळ शून्यावर आलं. खाटीक आणि विधवा दोघेही एकाच वेळी गुडघ्यांवर बसले, माना खाली घातल्या, आणि मशीनने दोघांकडेही नवं नाणं मागितलं. तिसऱ्या डावात वेळ संपून बरोबरी झाली तर ती मशीन दोघांनाही हरलेलं धरते, हे त्या दिवशी वस्तीला पहिल्यांदा कळलं. तोवर तिथे इतका वेळ कुणी कुणाची वाट पाहिली नव्हती.

"म्हणजे जिंकलं कोण?" उबाल्दोने विचारलं.

कासिल्दाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती डोळे पुसत होती. "आता मला ठाऊक आहे," ती फिदेन्सिओला म्हणाली.

"काय?"

"तुम्ही काय करता ते. थांबता. मी करते तेच. दोघंही थांबलो तर आपली भांडणं कधी सुरूच व्हायची नाहीत."

"मग? याल?"

"सोमवारी नाही. पोत्यांनी मका पडलाय माझ्याकडे. तो संपू दे." तिने ॲप्रनची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "तुलान्सिंगोचं पाणी कसं आहे?"

"पाणी मीच आणतो, दोन्या कासिल्दा."

"हो की," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. रांगेच्या शेवटी, टाकीपाशी उभ्या असलेल्यांना काहीच दिसलं नव्हतं, पण हसणं चढावरून खाली उतरत त्यांच्यापर्यंत गेलं आणि तेही हसले. त्या दुपारी वस्तीत सगळ्यांनी करपलेल्या तोर्तिया खाल्ल्या. इमेल्दाबाईंच्या नवऱ्याने मुकाट्याने खाल्ल्या.

लग्न साधंच झालं. दुकान तिने इमेल्दाबाईंच्या मुलीला चालवायला दिलं आणि जाराच्या गाडीत पुढे बसून तुलान्सिंगोला गेली. आम्ही पुढे पुष्कळदा त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या घरात कुणी कुणाला काही मागताना ऐकू येत नसे. तिने हात लांब केला की तिथे मीठ आलेलं असायचं. तो खुर्चीतून उठायच्या बेतात आला की ती त्याची टोपी पुढे करायची. मधूनच दोघंही स्वयंपाकघराच्या दारात एकदम यायची, एकमेकांना वाट द्यायला थांबायची, दोघंही थांबायची, आणि पाहुण्यांचा चहा तसाच आत निवत राहायचा. उबाल्दो एकदा ते पाहून म्हणाला, "घड्याळ लावा रे यांच्या दाराला." तो घरी निघेपर्यंत कासिल्दा त्या बोलण्यावर हसत होती.

गेल्या वसंतात ती गेली. तिचं शेवटचं बोलणं फिदेन्सिओने फोनवर सांगितलं, नेहमीच्या त्या सावकाश आवाजात. दुपार होती, तिला जरा थकल्यासारखं वाटत होतं. शेगडीवर घेवडा शिजत होता. पातेल्यातून वाफेचा आवाज आला तसा मी उठलोच होतो, तो म्हणाला, अर्ध्या वाटेत होतो. तिला ते दिसतही होतं. तरी ती पलंगावरून म्हणालीच, "घेवड्याखालचा गॅस बारीक करा, मी जरा पडते."